अधिकार आणि अंगीचे गुण
(श्रीनागदेवाचार्यांच्या आचार्यपदाचा एक अभ्यास)

विषयप्रवेश

समूहाचा नायक कोणी व्हावे हे पुष्कळदा परिस्थिती ठरविते; परंतु नायक झालेल्या माणसाच्या शब्दाने इतरांनी चालावे की नाही, हे त्याच्या अंगचे गुणच ठरवितात. पद देता येते, घेता येते, वारशानेही चालत येते. प्रभाव मात्र असा कोणाच्या ओंजळीत घालता येत नाही. म्हणूनच एकाच गादीवर एकामागून एक बसलेल्या दोन पुरुषांपैकी एकाच्या काळी समूह वाढतो आणि दुसऱ्याच्या काळी तोच समूह विस्कटतो, असे सर्वत्र दिसून येते. पद तेच असते. पदाला जिवंत करणारे गुण तेवढे निराळे असतात.

हे गुण जन्मजात असतात की संपादन करता येतात, असा प्रश्न येथे साहजिकच उत्पन्न होतो. ते जन्मजातच असतील तर त्यांचा अभ्यास करण्यात काही अर्थ नाही. ज्याला लाभले त्याला लाभले, इतकेच म्हणावे लागेल. ते संपादन करता येत असतील, तर कोणत्या आचरणाने संपादन होतात हे पाहिले पाहिजे. या प्रश्नाचा केवळ तर्काने विचार करण्यापेक्षा एक प्रत्यक्ष चरित्र समोर ठेवणे अधिक फलदायी होते. पंथाचे पहिले आचार्य श्रीनागदेवाचार्य, म्हणजेच भटोबास, यांचे चरित्र या दृष्टीने अत्यंत बोधप्रद आहे. त्यांच्या आचार्यपदाच्या काळातील आठवणी स्मृतिस्थळ या ग्रंथात संग्रहित झाल्या आहेत. वामन नारायण देशपांडे यांनी हा ग्रंथ १९३९ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केला, तेव्हापासून तो सर्वसामान्य अभ्यासकांनाही उपलब्ध झाला. त्याचे भक्तिभावाने वाचन पुष्कळ होते. नायकाच्या गुणांचा अभ्यास म्हणून त्याकडे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रसंगाचे स्वरूप

श्रीचक्रधर प्रभूंचे उत्तरापंथे गमन तेराव्या शतकाच्या आठव्या दशकात झाले. वर्षाच्या गणनेत अभ्यासकांत एकवाक्यता नाही. कोणी १२७२ मानतात, कोणी १२७४. प्रसंगाची तीव्रता त्यामुळे उणी होत नाही. मागे राहिलेला समुदाय लहान होता. त्याच्याजवळ मठ नव्हता, जमीन नव्हती, राजाश्रय नव्हता. आणि विशेष म्हणजे तोपर्यंत लिहिलेला ग्रंथही नव्हता. प्रभूंचे निरूपण होते ते ऐकणाऱ्यांच्या स्मरणात. त्यांतही कोणाच्या स्मरणात एक प्रसंग, तर कोणाच्या स्मरणात दुसरा. समुदायात प्रकांड पंडित होते, तशाच अक्षरओळख नसलेल्या वृद्ध स्त्रियाही होत्या. अशा समुदायाचे केंद्र एकाएकी दृष्टीआड झाले. तो पांगला असता तर त्याचे कोणाला नवल वाटले नसते. पांगला असता तर लीळाचरित्र झाले नसते, सूत्रपाठ झाला नसता, आणि मराठी गद्याचा आरंभच निराळ्या रीतीने सांगावा लागला असता. तो पांगला नाही, याचे कारण शोधताना दृष्टी भटोबासांवर स्थिर होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. समुदायात भटोबासांहून अधिक विद्वान माणसे होती. त्यांचे पूर्वायुष्यही आदर्शवत होते असे नाही. तारुण्यात त्यांचे वर्तन उच्छृंखल होते, असे परंपराच मोकळेपणाने सांगते. त्यांच्या नावावर मोठा ग्रंथ नाही. म्हणजे विद्वत्ता, निष्कलंक पूर्वचरित्र आणि ग्रंथकर्तृत्व या ज्या तीन गोष्टींवरून लोक सामान्यतः थोरवी मोजतात, त्या तिन्ही त्यांच्या बाजूने नव्हत्या. तरीही विद्वानांनी त्यांना मानले, कवींनी मानले, वृद्ध स्त्रियांनी तर मायेने मानले. जे गुण त्यांच्यात नंतर दिसतात ते जन्माबरोबर आलेले नसून घडविलेले आहेत, याला याहून निराळे प्रमाण नको.

१. सेवेत घडलेली योग्यता

प्रभूंच्या वियोगाने भटोबास अत्यंत व्याकुळ झाले. स्मृतिस्थळात या विरहदुःखाचे वर्णन आले आहे. नायक म्हणविणाऱ्याने आपले दुःख लपवावे, अशी एक समजूत असते. भटोबासांनी ते लपविले नाही. परंतु त्या दुःखात ते राहिलेही नाहीत. ते रिद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानात गेले, आणि गोविंदप्रभूंच्या देहावसानापर्यंत, म्हणजे सुमारे १४ वर्षे, तेथे सेवेत राहिले.

ही १४ वर्षे आचार्यपदाची नव्हेत, सेवकपणाची आहेत. श्रीगोविंदप्रभूंचे वर्तन लौकिक दृष्टीला अनाकलनीय वाटणारे. ते केव्हा हसतील, केव्हा कोपतील, केव्हा कोणाच्या घरात शिरतील, याचा नेम नसे. अशा अवताराच्या सेवेत राहणाऱ्याला स्वतःची योजना, स्वतःचे वेळापत्रक, स्वतःचा मानापमान बाजूला ठेवावा लागतो. समोरच्याचे मन ओळखणे, आज्ञेची वाट पाहणे, कारण न कळताही धीर न सोडणे, या गोष्टी तेथे नित्य घडत. पुढे ज्याला अनेकांची मने सांभाळावयाची होती, त्याने आधी १४ वर्षे एका चरणाशी आपले मन सांभाळण्याचा अभ्यास केला, असे म्हणता येईल.

ज्याने कधी कोणाची आज्ञा पाळली नाही, त्याला आज्ञा कशी करावी हे कळत नाही. आपला शब्द ऐकणाऱ्याला कोठे जड जातो, कोठे दुखवितो, हे त्याला अनुभवाने ठाऊक नसते. सेवा ही नेतृत्वाच्या आधीची पायरी आहे असे म्हणण्याचे कारण हे आहे. ती पायरी वगळून जे वर चढतात त्यांचा अधिकार कोरडा राहतो.

२. शेवटच्या श्रोत्याची भाषा

स्मृतिस्थळातील सर्वांत प्रसिद्ध आठवणी भाषेविषयीच्या आहेत. एका प्रसंगी केशिराजबास आणि दामोदर पंडित यांनी भटोबासांस संस्कृतात प्रश्न केला. दोघेही व्युत्पन्न, संस्कृत हीच त्यांच्या विद्येची भाषा. भटोबासांनी सांगितले की, तुमची ही संस्कृत घडण आपल्याला कळत नाही. प्रभूंनी आपल्याला मराठीत निरूपण केले आहे, तेव्हा त्याच भाषेत पुसावे. दुसऱ्या एका प्रसंगी केशिराजबास शास्त्रविषय संस्कृतात मांडू लागले असता भटोबासांनी त्यांना वारिले, आणि कारण असे दिले की, त्यामुळे आपल्या म्हाताऱ्या वंचित होतील.

या दोन आठवणी मराठीच्या अभिमानाचे प्रमाण म्हणून वारंवार सांगितल्या जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांत नायकाच्या दृष्टीने आणखी एक मर्म आहे. सभेत पंडित असताना नायकाचे लक्ष स्वाभाविकपणे पंडितांकडे जाते. त्यांची मान हलली म्हणजे त्याला आपले बोलणे सफल वाटते. भटोबासांचे लक्ष मागे बसलेल्या म्हाताऱ्यांकडे होते. घरदार सोडून अनुसरलेल्या या स्त्रियांना प्रभूंचा शब्द हाच एक आधार होता. तो शब्द त्यांना न कळणाऱ्या भाषेत गेला असता, तर समुदायात पाहता पाहता दोन वर्ग झाले असते: एक जाणणाऱ्यांचा, दुसरा त्यांच्याकडून ऐकून घेणाऱ्यांचा. स्त्रीचा जीव आणि पुरुषाचा जीव असा भेद प्रभूंनी साफ नाकारला होता. तो नकार भाषेच्या वाटेने परत फिरू नये, याची चिंता भटोबासांनी वाहिली.

पहिल्या आठवणीत आणखी एक गोष्ट आहे. 'आपल्याला हे कळत नाही' असे नायकाने पंडितांसमक्ष म्हटले आहे. अधिकारावर बसलेल्याला हे तीन-चार शब्द फार जड जातात. न कळलेले कळल्यासारखे दाखविणे हा पदाचा नित्याचा रोग आहे. भटोबासांनी आपले न्यून लपविले नाही. उलट त्या न्यूनाचाच त्यांनी मागे बसलेल्यांसाठी उपयोग केला. ज्याला स्वतःचे न्यून उघड बोलता येते, त्याच्यासमोर इतरांना आपले न्यून झाकावे लागत नाही. शिकण्याचा आरंभ तेथूनच होतो.

मात्र याचा अर्थ भटोबासांना संस्कृताचे किंवा विद्वत्तेचे वावडे होते, असा करणे चूक होईल. केशिराजबासांची संस्कृत स्तोत्ररचना पंथात आदराने राहिली. विद्या कोणासाठी वापरावयाची, एवढाच प्रश्न होता.

३. आपल्याहून थोरांचा सांभाळ

नायकाची खरी परीक्षा दुबळ्या अनुयायांत होत नाही. समर्थ अनुयायांत होते. दुबळ्याला सांभाळताना दया पुरते, समर्थाला सांभाळताना अहंकार आडवा येतो. भटोबासांभोवती जी माणसे होती ती पाहिली म्हणजे या परीक्षेचे स्वरूप कळते. म्हाइंभट हे सराळ्याचे संपन्न आणि शास्त्रनिष्णात पंडित; वादविवादाच्या ईर्ष्येने ते प्रथम प्रभूंकडे आले होते. केशिराजबास व दामोदर पंडित यांचा उल्लेख वर आलाच आहे. दामोदर पंडितांचे वछाहरण हे प्राचीन मराठी काव्यात गणले जाते. भास्करभट्ट बोरीकर हे कवीश्वर म्हणूनच ओळखले गेले. नरेंद्र कवी हे तर आपल्या साल आणि नृसिंह या बंधूंसह कवींच्या घराण्यातले.

नरेंद्रांविषयीची आठवण येथे विशेष उपयुक्त आहे. त्यांचे रुक्मिणीस्वयंवर ऐकून रामदेवराव यादव संतुष्ट झाला, आणि त्या काव्यावर आपल्या नावाची मुद्रा घालावी म्हणून त्याने सुवर्णाचे आमिष दाखविले. आपल्या कविकुळाला उणेपणा येईल म्हणून नरेंद्रांनी ते नाकारले. राजालाही आपली कृती न देणारा हा स्वाभिमानी कवी पुढे झाडाखाली वसणाऱ्या, भिक्षेवर निर्वाह करणाऱ्या भटोबासांना शरण आला. यातील विरोध विचार करण्याजोगा आहे. राजाला कवीचे काम स्वतःच्या नावावर हवे होते. भटोबासांना कोणाचेच काम स्वतःच्या नावावर नको होते. लीळाचरित्र म्हाइंभटांचे राहिले; सूत्रांची व ११४ दृष्टांतांची मांडणी केशिराजबासांची राहिली; काव्ये कवींची राहिली. या सर्वांमागे भटोबासांची प्रेरणा, संमती आणि परीक्षण होते. कर्तृत्व ज्याचे त्याचेच मानले गेले.

समर्थ माणसे कोणाजवळ टिकतात, याचे उत्तर येथे सापडते. जेथे आपल्या कामाचा मान आपल्यालाच मिळतो आणि त्या कामाची चूकही स्पष्ट सांगितली जाते, तेथे ती टिकतात. या दोहोंपैकी दुसरी गोष्टही या मंडळात होती. भास्करभट्टांनी शिशुपाळवध रचून गुरुबंधूस दाखविला, तेव्हा ग्रंथ चांगला झाला आहे, परंतु तो शृंगारप्रधान असल्याने निवृत्तांच्या योग्य नव्हे, असा निर्वाळा मिळाला. कवी रुसला नाही. त्याने पुढे उद्धवगीता रचली. सौंदर्य मान्य करून उणीव सांगणारा गुरुबंधू, आणि ती उणीव भरून काढणारा कवी, अशी माणसे एका मंडळात योगायोगाने जमत नाहीत. तसे वातावरण कोणीतरी जोपासलेले असावे लागते.

४. प्रश्नाचे स्वागत

महादाइसा, म्हणजेच महदंबा, या नात्याने भटोबासांच्या घराण्यातल्या. त्यांच्या धवळ्यांमुळे मराठीतील आद्य कवयित्री म्हणून त्या सर्वमान्य आहेत. त्यांचा स्वभाव मोठा जिज्ञासू. एखादी गोष्ट अर्धवट कळली तर त्या गप्प बसत नसत, पुन्हा विचारीत. अशा माणसाचा सभेत अनेकांना कंटाळा येतो, आणि नायकाला तर त्याची भीती वाटते. कारण प्रश्न कोठे जाऊन थांबेल हे सांगता येत नाही. भटोबासांनी मात्र या म्हातारीच्या सतत पुसण्याचे कौतुक केल्याची आठवण नोंदलेली आहे. तिची जिज्ञासा आणि चर्चेची आवड हा त्यांनी तिचा गुण मानला.

प्रश्नाला दोन प्रकारे मारता येते. एक, रागावून, दुसरा, हसून टाळून. दुसरा प्रकार अधिक घातक, कारण त्यात प्रश्नकर्त्याला आपला अपमान झाला हेही नीट सांगता येत नाही. प्रश्न मेले म्हणजे काही काळ सभा शांत दिसते, आणि नायक त्या शांततेला एकमत समजतो. प्रत्यक्षात तेथे शंका साठत असतात. भटोबासांच्या मंडळात शंका बोलल्या गेल्या, म्हणून त्या निरसल्या. आणि निरसनाच्या निमित्ताने झालेले संवादच पुढे स्मृती म्हणून लिहिले गेले. स्मृतिस्थळाची पुष्कळ पाने कोणी तरी पुसलेल्या प्रश्नाची आणि त्याला मिळालेल्या उत्तराची आहेत. प्रश्न विचारणारे नसते, तर जपण्याजोगे उत्तरही नसते.

५. साक्षीदाराचा मान

लीळाचरित्राची निर्मिती हा भटोबासांच्या नेतृत्वाचा सर्वांत मोठा आविष्कार आहे. प्रभूंच्या लीळा नष्ट होऊ नयेत म्हणून त्या लिहून काढण्याचे म्हाइंभटांनी मनावर घेतले, आणि रिद्धपुरास भटोबासांकडून त्या ऐकून घेतल्या. तथापि एकट्या भटोबासांवर हे काम संपणारे नव्हते. लीळाचरित्राचा उत्तरार्ध त्यांच्या अनुसरणापासून धरला जातो. त्याआधीच्या काळाचे ते साक्षी नव्हते. जे प्रसंग ज्यांनी पाहिले, त्यांच्याकडे म्हाइंभटांना जावे लागले. गावोगाव विखुरलेल्या भक्तांना गाठून त्यांनी आठवणी गोळा केल्या, आणि त्या पडताळून घेतल्या.

आचार्याने 'सर्व काही मी सांगतो, तेवढेच प्रमाण' असे म्हटले असते, तर कोणी प्रतिवाद केला नसता. समुदायात त्यांच्या शब्दाला तेवढे वजन होते. पण त्यांनी स्वतःचा शब्द अनेकांपैकी एक साक्ष म्हणून राहू दिला. एखाद्या साध्या भक्ताने प्रत्यक्ष पाहिलेला प्रसंग आचार्याने ऐकलेल्या वार्तेहून अधिक प्रमाण मानला गेला. दृष्टांतपाठात हत्ती आणि आंधळे यांचा प्रसिद्ध दृष्टांत आहे. ज्याच्या हाताला जो अवयव लागला तोच त्याला संपूर्ण हत्ती वाटला. स्मरणाच्या बाबतीत आपणही एकच अवयव धरून आहोत, हे ओळखणारा नायकच इतरांचे हात मोलाचे मानतो.

याचे फळ पुढे दिसले. १२९६ मध्ये देवगिरीवर खलजींची स्वारी झाली, १३१८ मध्ये यादवांचे राज्य संपले, आणि सर्वत्र अस्थिरता माजली. परचक्राच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत हरपली, असे परंपरा सांगते. तरीही ग्रंथ बुडाला नाही. तो अनेकांच्या मुखी होता, अनेकांनी तो स्मरणातून पुन्हा उभा केला. निरनिराळ्या पाठांची परंपरा त्यातूनच निर्माण झाली. ज्ञान एका पेटीत आणि एका माणसात कोंडले असते, तर त्या एका आघातानेच सर्व संपले असते. आपल्या मागे काय उरेल याची व्यवस्था नायक जिवंतपणीच करीत असतो. आणि ती व्यवस्था म्हणजे आपल्याजवळचे अनेकांना देऊन ठेवणे, हीच होय.

गुणांचे संपादन

वर सांगितलेले गुण कसे साधतात, याचे उत्तर पंथाच्या आचारधर्मात आहे. आचारधर्माचा मुख्य हेतू परमेश्वरप्राप्ती हा आहे, नेतृत्व हा नव्हे. हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. तथापि त्या आचाराने जे मन घडते, तेच मन इतरांना वाट दाखविण्यासही योग्य ठरते.

अटनाचा विचार करावा. एका जागी न राहता फिरत राहण्याच्या या नियमाने स्थानाची मालकी मनात रुजत नाही. जेथे मालकी नाही तेथे ती गमावण्याचे भयही नाही. आणि निर्भय माणूसच दुसऱ्याला मोठे होऊ देतो. भिक्षेने अन्नाविषयीचा आणि प्रतिष्ठेविषयीचा आग्रह सुटतो. जो रोज अनोळखी दारात उभा राहतो, एका दारी नकार ऐकतो आणि दुसऱ्या दारी तशाच शांत मनाने जातो, त्याला सभेतील विरोध सहन करणे कठीण जात नाही. विजनाने, म्हणजे एकांताने, मनुष्याला स्वतःचे मन दिसते. सदैव माणसांच्या गराड्यात असणाऱ्या नायकाला ते दिसेनासे होते, आणि मग स्तुती हाच त्याचा आरसा बनतो. नामस्मरणाने आपण कोणाचे आहोत याचे भान राहते. लोक आपल्यामागे येतात ते आपल्यासाठी नव्हे, आपण ज्याचा शब्द सांगतो त्याच्यासाठी, हे त्या भानामुळे विसरले जात नाही.

ही चारही आचरणे एकच गोष्ट चार बाजूंनी शिकवितात. अधिकार हा नायकाचा नव्हे, त्याच्याजवळ ठेवलेली ती ठेव आहे. भटोबासांच्या सर्व गुणांचे मूळ याच जाणिवेत आहे. भाषा प्रभूंची, म्हणून ती बदलावयाची नाही. शब्द सर्वांचा, म्हणून म्हाताऱ्यांना वगळावयाचे नाही. काम ज्याचे त्याचे, म्हणून त्यावर मुद्रा उमटवावयाची नाही. स्मरण अनेकांचे, म्हणून एकट्याचे प्रमाण चालवावयाचे नाही.

संन्यस्तांचे हे आचरण गृहस्थाने, शाळेच्या मुख्याध्यापकाने, गावच्या सरपंचाने किंवा संस्थेच्या चालकाने जसेच्या तसे उचलणे शक्य नाही. परंतु त्यांचे तत्त्व आचरता येते. आपल्या सभेत सर्वांत कमी शिकलेला कोण बसला आहे आणि त्याला काय कळले, हे निघण्यापूर्वी विचारून घेणे. जे ठाऊक नाही ते 'ठाऊक नाही' असे सांगणे. हाताखालच्या माणसाचे काम त्याच्याच नावाने चारचौघांत सांगणे. अडचणीचा प्रश्न विचारणाऱ्याला पुढच्या वेळीही बोलावणे. दिवसातील काही वेळ स्तुतीच्या आणि तक्रारीच्या आवाजापासून दूर बसणे. आणि आपल्यावाचून अडेल अशी एकही किल्ली फक्त आपल्या कमरेला न ठेवणे. यांतील प्रत्येक गोष्ट लहान आहे. एक दिवस करणे सोपे, रोज करणे कठीण; आणि गुण तयार होतो तो रोज करण्यानेच.

एक आक्षेप व त्याचा विचार

यावर असा आक्षेप घेता येईल की, भटोबासांचे गुण एवढे परिणामकारक होते तर त्यांच्यानंतर काही पिढ्यांतच पंथात निरनिराळे आम्नाय का झाले? परंपरा १३ आम्नायांची गणना करते. हा आक्षेप टाळण्याचे कारण नाही.

प्रथम हे पाहावे की, भटोबासांच्या मागे लगेच फूट पडली नाही. त्यांच्यानंतर बाइदेवबास आणि त्यानंतर कवीश्वर भास्करभट्ट यांनी आचार्यपद सांभाळले. ज्या कवीने आपल्या काव्यातील उणीव निमूटपणे ऐकून घेतली, तोच पुढे आचार्य झाला, हे लक्षणीय आहे. ऐकून घेण्याचा गुण एका माणसापुरता राहिला नव्हता. तो पुढच्यांत उतरला होता. आम्नाय झाले ते नंतरच्या काळी, शिष्यशाखा वाढल्यावर. आम्नाय झाले तरी सूत्रपाठ सर्वांचा एकच राहिला, लीळांचा आदर सर्वांना समान राहिला. भटोबासांनी ज्या गोष्टींची ठेव म्हणून जपणूक केली, त्या वाटल्या गेल्या नाहीत.

तरीही आक्षेपात सत्याचा अंश आहे, आणि तोच या अभ्यासातील सर्वांत गंभीर बोध आहे. पद परंपरेने पुढे जाते. गुण परंपरेने जात नाहीत. आचार्याचा शिष्य आचार्यपदाचा वारस होऊ शकतो, परंतु आचार्याच्या नम्रतेचा वारस होण्यासाठी त्याला ती नम्रता पुन्हा पहिल्यापासून कमवावी लागते. जेव्हा एखाद्या समूहात गुणांची चौकशी कमी होऊन वारशाची चौकशी वाढते, तेव्हा तेथे अंतर पडू लागते. हा नियम केवळ धर्मपंथांना लागू आहे असे नव्हे. राज्ये, संस्था, शाळा, घराणी या सर्वांचा इतिहास तेच सांगतो.

उपसंहार

सारांश, श्रीनागदेवाचार्यांच्या चरित्रावरून नायकाच्या गुणांविषयी पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पूर्वायुष्य कसेही असले तरी मनुष्य स्वतःला घडवू शकतो. आज्ञा करण्याची योग्यता सेवेतून येते. नायकाचे बोलणे सभेतील शेवटच्या श्रोत्यापर्यंत पोचले तरच ते पोचले असे समजावे. आपल्याहून अधिक गुणवान माणसे भोवती असणे हे नायकाचे भूषण होय, आणि त्यांच्या कामावर आपले नाव न घालणे हे त्या भूषणाचे रक्षण होय. प्रश्न हा अनादर नव्हे. आणि जे जपावयाचे ते अनेकांच्या हाती सोपवावे लागते.

भटोबासांनी मागे मठ ठेवला नाही, धन ठेवले नाही, स्वतःचा मोठा ग्रंथही ठेवला नाही. त्यांनी मागे ठेवली ती माणसे: विचारणारी, लिहिणारी, स्मरणारी, आणि एकमेकांची चूक सांगू शकणारी. ज्या म्हाताऱ्यांना शब्द कळावा म्हणून त्यांनी पंडितांना वारिले, त्यांची नावे आज बहुतांशी कोणाला ठाऊक नाहीत. परंतु सातशेहून अधिक वर्षांनंतर जो कोणी ते गद्य उघडून वाचतो, त्याला ते पंडिताच्या मदतीवाचूनही बरेचसे कळते, याचे श्रेय त्या अनाम म्हाताऱ्यांनाही आहे. सूत्र सांगताना वा समजून घेताना जिज्ञासूंनी त्यांची आठवण ठेवावी.